गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउस : एका व्हिक्टोरियन वास्तूच्या बदलत्या उपयोगांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

वास्तू ही इतिहासाचे साधन असते, हे विधान आता सर्वमान्य आहे. तथापि वास्तूंच्या अभ्यासात बहुधा त्यांच्या उभारणीकडे, शैलीकडे आणि बांधविणाऱ्या व्यक्तीकडेच लक्ष दिले जाते. वास्तू बांधून पूर्ण झाल्यानंतर तिचा वापर कोणी केला, तो कसा व का बदलला आणि त्या बदलामुळे समाजाच्या दृष्टीने तिचा अर्थ कितपत पालटला, हे प्रश्न दुय्यम ठरतात. एखाद्या वास्तूचे बांधकाम काही वर्षांत संपते. वापर मात्र शतकानुशतके चालू राहतो. म्हणून वापराचा इतिहास हा वास्तूच्या इतिहासाचा अधिक मोठा भाग होय.

पुण्यातील गणेशखिंड येथील पूर्वीचे गव्हर्नमेंट हाउस, म्हणजेच आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी वास्तू आहे. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान म्हणून उभी राहिलेली ही वास्तू स्वातंत्र्यानंतर विद्येचे केंद्र बनली, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान खरे आहे. परंतु ते अपुरे आहे. राजसत्तेचे घर विद्यापीठाला मिळाले म्हणजे त्या घरातील सत्तेची मांडणी आपोआप संपली काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

या अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. एक, गव्हर्नमेंट हाउसच्या उभारणीमागील राजकीय व आर्थिक परिस्थिती स्पष्ट करणे. दोन, या वास्तूच्या उपयोगात झालेल्या बदलांचे टप्पे निश्चित करणे. तीन, उपयोग बदलला तरी वास्तूच्या रचनेतील व अर्थातील कोणते घटक टिकून राहिले, याचा शोध घेणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारित आहे.

गणेशखिंड : वास्तूपूर्व पार्श्वभूमी

गणेशखिंडीच्या भूमीला वास्तू उभी राहण्यापूर्वीचाही इतिहास आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांच्यात खडकीची लढाई झाली, ती खडकी आणि गणेशखिंडीच्या टेकड्या यांच्या दरम्यानच्या पठारावर. संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली. रेसिडेंट एल्फिन्स्टन आधीच तेथून निघून गेला होता. पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले यांनी सैन्याचे नेतृत्व केले. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले.

ज्या परिसरात मराठी सत्तेचा निर्णायक पराभव झाला, त्याच परिसरात सत्तेचाळीस वर्षांनी इंग्रज गव्हर्नरच्या निवासाचे बांधकाम सुरू झाले. जागा निवडताना हा विचार मनात होता असे म्हणण्याचे कारण नाही. शहरापासूनचे अंतर, खडकीच्या छावणीची जवळीक, मोकळी हवा व विस्तृत जमीन या व्यावहारिक सोयी त्यासाठी पुरेशा होत्या. तरीही जेते शहरात न राहता शहराबाहेर, छावणीच्या जवळ राहिले, ही बाब महत्त्वाची आहे. पेशव्यांचे वाडे शहराच्या पेठांत होते, रस्त्याला लागून होते. गव्हर्नरचे घर मात्र शहराकडे दुरून पाहणारे होते.

येथे आणखी एका वास्तूचा उल्लेख आवश्यक ठरतो. पेशवाईच्या अस्तानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ साली कंपनी सरकारने संस्कृत पाठशाळा सुरू केली. पुढे याच संस्थेच्या परंपरेतून डेक्कन कॉलेज उदयास आले. पराभूत राजसत्तेच्या घरात विद्यालय सुरू करण्याची प्रथा पुण्यात अशा रीतीने इंग्रजांनीच घालून दिली होती. एकशे अठ्ठावीस वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या घराच्या बाबतीतही तेच घडले.

वास्तूची उभारणी

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याचा कारभार ऋतूनुसार स्थलांतर करीत असे. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि उरलेल्या काळात मुंबई असा त्याचा क्रम होता. गव्हर्नरचे पुण्यातील निवासस्थान आधी दापोडी येथे होते. सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत ते सरकारकडे आले होते व त्याच्या आवारात एक वनस्पती उद्यानही विकसित झाले होते. सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर झाल्यानंतर मात्र अधिक भव्य निवासस्थानाची योजना पुढे आली. १८६४ मध्ये गणेशखिंड येथे बांधकामास प्रारंभ झाला आणि १८७१ मध्ये ते पूर्ण झाले. त्या वेळी फ्रिअर पदावर नव्हता. १८६७ मध्येच त्याची कारकीर्द संपली होती. वास्तूचा आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाचा होता.

करड्या दगडातील लांबट मांडणी, कमानींच्या ओळी आणि या सर्वांवर उठून दिसणारा उंच मनोरा ही वास्तूची ठळक वैशिष्ट्ये होत. ही धाटणी इटालियन शैलीची. इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावर राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी बांधविलेले ऑस्बोर्न हाउसही याच धाटणीचे आहे. राणीच्या खाजगी घरासाठी पसंत झालेली शैली तिच्या प्रतिनिधीच्या घरासाठीही वापरली गेली, यातून साम्राज्याच्या केंद्राशी असलेले नाते दगडातून व्यक्त होत होते. मनोऱ्यावर ध्वज फडकला की गव्हर्नर मुक्कामी आहे, हे दुरूनही कळावे अशी ती रचना होती.

या वास्तूवर सुमारे साडेसतरा लाख रुपये खर्च झाला. त्या काळाच्या मानाने ही रक्कम इतकी मोठी होती की तिच्यावर ब्रिटिश पार्लमेंटमध्येही उधळपट्टी म्हणून टीका झाली. खर्चाची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस ब्रिटनला मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले आणि मुंबईत अचानक पैसा खेळू लागला. मुंबईतील अनेक सार्वजनिक वास्तूंच्या योजना याच काळातल्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, सट्टेबाजी उघडी पडली आणि मुंबईतील पेढ्या बुडाल्या. गणेशखिंडीचे बांधकाम मात्र चालूच राहिले.

ग्रामीण दख्खनच्या वाट्याला याच घटनाक्रमाची दुसरी बाजू आली. तेजीच्या काळात वाढलेली पत व कर्जे, त्यानंतर घसरलेले भाव आणि फेरआकारणीत वाढलेला शेतसारा यांनी शेतकरी पिचला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धच्या दंग्यांना सुरुवात झाली, तेव्हा गव्हर्नमेंट हाउस पूर्ण होऊन अवघी चार वर्षे झाली होती. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्यांच्या ज्या दैन्याचे विश्लेषण केले, ते याच काळाचे आणि याच परिसरातील होते. राजप्रासाद आणि दुष्काळ ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन अंगे होती, हे लक्षात घेतल्याशिवाय या वास्तूचा इतिहास पूर्ण होत नाही.

पावसाळी राजधानीचे घर

१८७१ पासून सुमारे पाऊणशे वर्षे गव्हर्नमेंट हाउसचा उपयोग गव्हर्नरच्या पावसाळी वास्तव्यासाठी झाला. नावात ‘हाउस’ असले तरी ते केवळ घर नव्हते. येथे मेजवान्या, नृत्यसमारंभ आणि भेटीगाठी होत. संस्थानिक, सरदार, सनदी अधिकारी व लष्करी अधिकारी यांना त्यांच्या दर्जानुसार निमंत्रणे जात. कोणास बोलावले गेले आणि कोणास वगळले, यावरून व्यक्तीचे सरकारदरबारी असलेले स्थान ठरत असे. खाजगी निवास आणि सार्वजनिक सत्ताप्रदर्शन यांची सरमिसळ हेच या घराचे स्वरूप होते. अशा घराचा गाडा ज्या माळ्यांच्या, शिपायांच्या, खानसाम्यांच्या व मोतद्दारांच्या श्रमांवर चालत असे, त्यांची नावे मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतात.

या काळात पुणे हे राजकीय जागृतीचेही केंद्र बनत होते. सार्वजनिक सभा, वृत्तपत्रे आणि न्यू इंग्लिश स्कूल, फर्ग्युसन महाविद्यालय यांसारख्या शिक्षणसंस्था यांच्या कार्यामुळे शहरात लोकमताची एक स्वतंत्र शक्ती निर्माण झाली. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्यात असल्याने सत्ता आणि लोकमत ही दोन्ही वर्षातील काही महिने एकमेकांच्या अगदी जवळ येत. १८९७ मध्ये या जवळिकीचे रूपांतर संघर्षात झाले.

इ. स. १८९७ : घराच्या दाराशी आलेला इतिहास

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला व काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगविषयक कायदा संमत झाला. प्लेग निवारणासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांनी मार्च ते मे या काळात पुण्यात जी मोहीम राबविली, तिच्यात सैनिकांकरवी घरोघरची झडती, रुग्णांचे सक्तीचे स्थलांतर आणि संशयितांचे विलगीकरण यांचा समावेश होता. साथ रोखण्याचा हेतू नाकारता येत नाही. परंतु स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सैनिकांचा प्रवेश झाल्याने लोकांत तीव्र क्षोभ निर्माण झाला. सामान्य माणसाच्या घराचा उंबरठा सरकारच्या दृष्टीने उंबरठा राहिला नव्हता.

याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस सुरू केलेल्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या व तेथेच त्यांना संसर्ग झाला. रोग्याला घराबाहेर काढण्याचा एक मार्ग सरकारचा होता. रोग्याला स्वतः उचलून उपचारापर्यंत नेण्याचा दुसरा मार्ग सावित्रीबाईंचा होता.

त्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, २२ जून १८९७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव गव्हर्नमेंट हाउसमध्ये साजरा झाला. त्या वेळी लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर होता. मध्यरात्रीनंतर समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड यांच्यावर दामोदर हरी चापेकर यांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली, तर बाळकृष्ण चापेकर यांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला. रँड यांचा ३ जुलै रोजी मृत्यू झाला. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आले. वासुदेव चापेकर, महादेव रानडे व बाळकृष्ण चापेकर यांना मे १८९९ मध्ये फाशी झाली. दरम्यान लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात येऊन सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली.

हा इतिहास क्रांतिकार्याच्या संदर्भात वारंवार सांगितला जातो. वास्तूच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील अर्थ वेगळा आहे. हल्ला घराच्या आत नव्हे, तर घराकडून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर झाला. शासक व शासित यांच्यातील अंतर राखण्यासाठी शहराबाहेर बांधलेल्या या घराला शहराशी जोडणारा दुवा म्हणजे हा रस्ता होता आणि अंतराची किंमत याच रस्त्यावर मोजली गेली.

गव्हर्नमेंट हाउसकडून विद्यापीठाकडे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी जोर धरू लागली. पुण्यातील महाविद्यालये तोपर्यंत मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. डॉ. मुकुंदराव जयकर यांनी या मागणीच्या पूर्ततेसाठी मोलाचे कार्य केले. १९४८ च्या पुणे विद्यापीठ कायद्यानुसार १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. जयकर हे पहिले कुलगुरू झाले.

आरंभी विद्यापीठाचे कामकाज भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या आवारातील निजाम गेस्ट हाउसमधून चालले. १ जून १९४९ पासून ते गणेशखिंडीतील वास्तूतून सुरू झाले. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री व शिक्षणमंत्री बाळासाहेब खेर यांनी सुमारे ४११ एकरांचा हा परिसर विद्यापीठाला मिळवून देण्यात पुढाकार घेतला. प्रारंभी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पश्चिम महाराष्ट्रातील बारा जिल्ह्यांचे होते व संलग्न महाविद्यालये अठरा होती. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्याने हे कार्यक्षेत्र कमी झाले.

नव्या राष्ट्राने जुन्या सत्तेची वास्तू पाडली नाही, ओसाड टाकली नाही, किंवा केवळ दुसऱ्या सत्ताधाऱ्याच्या निवासासाठीही राखली नाही. ती विद्यापीठाला दिली. हा निर्णय निःसंशय दूरदृष्टीचा होता. तुलनेसाठी ऑस्बोर्न हाउसचे उदाहरण घेता येते. १९०१ मध्ये राणीच्या मृत्यूनंतर सातव्या एडवर्डने ती मालमत्ता राष्ट्राला दिली आणि तेथे १९०३ ते १९२१ या काळात नौदलाचे विद्यालय चालले. म्हणजे तेथेही राजगृहाचे रूपांतर शिक्षणस्थळात झाले. परंतु ते शिक्षण साम्राज्याच्या रक्षणासाठी होते. गणेशखिंडीतील रूपांतर साम्राज्य संपल्यानंतरचे आणि नव्या नागरिकांसाठीचे होते. दोन्ही घटनांतील फरक वापराच्या प्रकारात नाही, प्रयोजनात आहे.

उपयोग बदलला, रचनेचे काय?

येथे मूळ प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. विद्यापीठाचा विस्तार होत गेला तसे अध्यापन विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे यांच्यासाठी परिसरात स्वतंत्र इमारती उभ्या राहिल्या. जुनी वास्तू ‘मुख्य इमारत’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि ती प्रामुख्याने वरिष्ठ प्रशासन, सभा व समारंभ यांच्याशी जोडली गेली. विद्यार्थ्याचे बहुतेक शिक्षण या वास्तूबाहेर झाले. अधिकाराचे घर अधिकाराकडेच राहिले, असे म्हटल्यास ते सर्वस्वी चुकीचे ठरणार नाही.

कायद्यातील तरतुदीही या सातत्याला पूरक ठरल्या. राज्यपाल हे विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती असतात. ज्या पदाच्या पूर्वसुरींसाठी हे घर बांधले गेले, तेच पद विद्यापीठाच्या सर्वोच्च स्थानी राहिले. राज्यपालांचे पुण्यातील राजभवनही जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या इस्टेटीतच आहे. अर्थात वसाहतकालीन गव्हर्नर आणि राज्यघटनेनुसार नियुक्त झालेला राज्यपाल यांच्यात मूलभूत भेद आहे, तो नजरेआड करता येत नाही. परंतु वास्तूच्या भाषेत हा भेद दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे.

असे असले तरी वास्तूचा अर्थ बदललाच नाही, असा निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल. निमंत्रणाशिवाय ज्या आवारात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता, तेथे खेड्यापाड्यांतून आलेला, कुटुंबातील पहिल्या पिढीचा पदवीधर विद्यार्थी येऊ लागला. तो मुख्य इमारतीत क्वचित गेला असेल. पण तिच्या समोरून जाताना त्याला कोणी अडविले नाही. या वास्तूतील सभागृहाला संत ज्ञानेश्वरांचे नाव मिळाले. मोकळा झालेला परिसर आणि बदललेली नावे यांनी दालनांच्या वापरापेक्षाही अधिक परिणाम घडविला.

नामकरणाचा सर्वांत मोठा टप्पा २०१४ चा होय. त्या वर्षी विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या परिसरात त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णाची सेवा करताना मृत्यू पावलेली स्त्री आणि त्याच वर्षी राणीचा महोत्सव साजरा करणारे घर यांची भेट अशा रीतीने एकशे सतरा वर्षांनी झाली. ही भेट योजून घडविलेली नव्हती. म्हणूनच ती अधिक बोलकी आहे.

जतनाचा प्रश्न

या वास्तूचे वारसास्थळ म्हणून महत्त्व मान्य झालेले आहे. तथापि वारसा म्हणजे नेमके काय, याबद्दल विचार होणे अगत्याचे आहे. दगड, कमानी, लाकूडकाम आणि मनोरा यांचे जतन करताना वास्तूचे १८७१ मधील रूप हेच खरे रूप मानण्याकडे कल असतो. त्यामुळे त्यानंतरच्या काळातील वापराच्या खुणा ‘नंतरची भर’ समजून पुसल्या जाण्याचा धोका संभवतो. वस्तुतः गव्हर्नरांनी जितका काळ ही वास्तू वापरली, जवळजवळ तितकाच काळ ती विद्यापीठाच्या वापरात आहे. डॉ. जयकर, रँग्लर परांजपे, महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या कुलगुरूंच्या कारकिर्दी हा देखील या वास्तूचाच इतिहास आहे. येथे पाहण्यास येणाऱ्याला फ्रिअर व ट्रबशॉ यांची नावे समजावीत, त्याबरोबरच १८७५ चे सुपे, १८९७ चा प्लेग आणि १९४९ चा निर्णय हेही समजावे. केवळ वैभवाचे जतन म्हणजे अर्ध्या इतिहासाचे जतन होय.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. गव्हर्नमेंट हाउसची उभारणी ही कापसाच्या तेजीतून निर्माण झालेल्या संपत्तीच्या वातावरणात झाली व तिचा खर्च त्या काळीही वादग्रस्त ठरला होता.

२. वास्तूच्या वापराचे गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान व सत्ताप्रदर्शनाचे केंद्र (१८७१ ते स्वातंत्र्यप्राप्ती) आणि विद्यापीठाची मुख्य इमारत (१९४९ पासून) असे दोन प्रमुख टप्पे दिसतात.

३. दुसऱ्या टप्प्यात उपयोग बदलला, परंतु वास्तू अधिकाराशीच निगडित राहिली. परिवर्तन घडले ते मुख्यतः परिसर सर्वांना खुला झाल्यामुळे आणि नामकरणामुळे.

४. विश्रामबाग वाडा आणि गव्हर्नमेंट हाउस या दोन्ही उदाहरणांवरून असे दिसते की, पुण्यात सत्तांतरानंतर राजगृहे शिक्षणाकडे वळली. मात्र हस्तांतरणाने वास्तूचा मालक बदलतो. तिचा अर्थ बदलण्याचे काम पुढील पिढ्यांना करावे लागते.

समारोप

विश्रामबाग वाड्यातील पाठशाळा राज्यकर्त्यांच्या मर्जीने सुरू झाली होती. गणेशखिंडीतील विद्यापीठ लोकांच्या मागणीतून साकारले. या फरकाची जाणीव ठेवणे ही विद्यापीठीय क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांची जबाबदारी आहे. मुख्य इमारतीचे दार कोणासाठी उघडे आहे, हा प्रश्न १८९७ मध्ये जितका महत्त्वाचा होता तितकाच तो आजही आहे. जिच्या नावाने हे विद्यापीठ ओळखले जाते, तिने आपले आयुष्य बंद दारे उघडण्यात वेचले होते. या वास्तूच्या पुढील उपयोगाची कसोटी त्याच नावावरून ठरावी, हे इतिहासाच्या दृष्टीने उचित होईल.